‘वायर कोण बघता?’

होडीवरची म्युझिक सिस्टिम जुनी झाली आहे, बदलायची आहे, पण हात जरा आखडता आहे, असं कुणी जेटीवर बोलून दाखवायचा अवकाश, सल्ला तयारच असतो. गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जा, चांगला दणदणीत अ‍ॅम्प घे, मागे एक बेस ट्यूब टाक, आणि आहे त्याच वायरीवर जोडून मोकळा हो. ‘मरीन’ लिहिलेल्या वस्तूला हात लावू नको, ती पैसेवाल्यांसाठी आहे. वायरीचं विचारलंत तर हसण्यावारी नेतात: ‘‘आवाज व्हयो, वायर कोण बघता?’’

हा सल्ला देणारे काही अडाणी नाहीत. मालवण, तारकर्ली, देवबागच्या पट्ट्यात घरच्या होडीवर ज्यांचं पोट आहे, अशी ही माणसं. सकाळी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचे, दुपारी कर्ली नदीच्या मुखाकडे फेरी मारायची आणि एखाद्या रिकाम्या संध्याकाळी त्याच होडीत घरच्या पोराबाळांना बसवून फिरवून आणायचं. पावसाळ्यात होडी वर ओढलेली असते, म्हणजे कमाई उरलेल्या महिन्यांचीच. स्टिरिओसाठी दहा-बारा हजार बाजूला काढणं ही त्या घरात चैन असते. म्हणूनच हा सल्ला मुकाट्याने सोडून देता येत नाही. तो स्वस्तातला म्हणून दिला जातो आणि हातात पडतो तो सगळ्यांत महाग मार्ग. त्यात एक गोष्ट खरी आहे, ती पुढे मान्य करतोच. बाकीचा सल्ला मोडीत काढण्याजोगा आहे.

आधी वॉटचं बघू, कारण सगळी भूल तिथे पडते. डेकच्या, म्हणजे स्टिरिओच्या मुख्य यंत्राच्या, खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असं ठसठशीत छापलेलं असतं. आता साधा गुणाकार करा. इंजिन चालू असताना होडीच्या बॅटरीवर १४.४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. डेकच्या आत दाब वाढवणारी वेगळी सोय नसते, म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरला जास्तीत जास्त तेवढाच दाब मिळणार. स्वच्छ, न फाटलेल्या आवाजाचा हिशोब मांडला तर उत्तर येतं २६ वॉट, तेही आतला तोटा शून्य धरून. प्रत्यक्षात हातात वीसच्या आगेमागे पडतात. इंजिन बंद करून नांगर टाकलात की दाब १२.५ वर येतो आणि कागदावरचे २६ सुद्धा १९-२० होतात. मग ५० आले कुठून? आवाज पुरता फाटून त्याच्या लाटेचे डोंगर सपाट झाले, म्हणजे नुसता खरखराट उरला, की तोच हिशोब ५२ वॉटवर जातो. खोक्यावर छापलेला आकडा त्या खरखराटाचा असतो.

यावर सल्लागार म्हणतील, म्हणून तर वेगळा अ‍ॅम्प घ्यायला सांगतो. बरोबर आहे, वेगळ्या अ‍ॅम्पमध्ये दाब वाढवायची सोय असते, तो खरोखर जास्त वॉट देतो. पण कानाला त्याचं काय? वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनी वाढतो. म्हणजे फरक कळतो, इतकंच. आवाज दुप्पट झाला असं माणसाला वाटायला १० डेसिबल लागतात आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वॉट. वीस वॉटचा स्पीकर दुप्पट जोरात ऐकू यायला दोनशे वॉट हवेत. ते वॉट बॅटरीतून येणार, वायरीतून जाणार आणि शेवटी तुमच्याच खिशाला लागणार.

हाच फायदा जवळजवळ फुकटात मिळतो, ते दुकानदार सांगत नाही, कारण त्यात त्याला विकायला काही नाही. उघड्यावर स्पीकर आणि कान यांमधलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनी चढतो. चौपट वॉटची कमाई, एक ड्रिल आणि चार स्क्रूंच्या भांडवलावर. तरी आपल्याकडे स्पीकर कुठे असतात? छपराच्या पुढच्या टोकाला, तोंड समुद्राकडे, किनाऱ्यावरच्यांनी ऐकावं म्हणून. बसणारी माणसं मागे, इंजिनाच्या धडधडाटात. मग गाणं ऐकू येईना म्हणून आवाज वाढवायचा, तो फाटायला लागला म्हणून अ‍ॅम्प घ्यायचा. स्पीकर बाकांच्या बगलेला, गुडघ्याच्या उंचीवर, बसणाऱ्याकडे तोंड करून लावले तर आहे तोच डेक पुरतो.

दुसरी गोष्ट स्पीकरच्या खोक्यावर बारीक अक्षरात असते: सेन्सिटिव्हिटी. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल, हा तो आकडा. एक स्पीकर ८७ चा आणि दुसरा ९१ चा असेल, तर ९१ वाला तेवढ्याच वॉटमध्ये अडीचपट ताकदीचा अ‍ॅम्प लावल्यासारखा वाजतो. होडीवर हा आकडा वॉटपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. दुकानात तो विचारून बघा. बहुतेक ठिकाणी समोरचा आधी तुमच्याकडे बघेल, मग खोकं उलटंपालटं करील.

बेस ट्यूबबद्दल फार लिहायची गरज नाही. बंद काचांच्या गाडीत ती घुमते, कारण छोट्याशा कोंडलेल्या जागेत खालचे सूर फुगतात. होडीला भिंती नाहीत. तोच बेस चारी बाजूंनी अरबी समुद्रावर पसरून जातो आणि उरतो तो तळाच्या फायबरचा थरथराट. वर ट्यूब असते कॉम्प्रेस केलेल्या लाकडी भुशाची. खाऱ्या हवेत एक पावसाळा काढला की तिच्या कडा फुगून पापडासारख्या सुटतात. कमी बजेटमध्ये ही वस्तू घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे.

आता वायर. सगळ्या वादाचं मूळ इथे आहे आणि इथेच ‘कोण बघता’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

गाडीचं वायरिंग करणाऱ्याला एक सोय असते, तिची त्याला इतकी सवय झालेली असते की ती सोय आहे हेच तो विसरतो. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्ह असतो. प्लसची एक वायर ओढली, मायनस जवळच्या बोल्टला कसला, काम झालं. फायबरच्या होडीला पत्राच नाही. तिथे दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत जायला हव्यात. पण सवयीचा गुलाम मायनससाठी एखादा धातू शोधतोच आणि रेलिंगला, पाण्याखाली गेलेल्या एखाद्या बोल्टला, नाहीतर इंजिनाच्या सांगाड्याला तो जोडून टाकतो. स्टिरिओ वाजतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण करंट वाट चुकून धातूतून खाऱ्या पाण्यात झिरपू लागला की तो धातू खाल्ला जातो. आउटबोर्डला लावलेला झिंकचा ठोकळा एका हंगामात वितळल्यासारखा झिजला तर दोष पाण्याला देण्याआधी स्टिरिओचा मायनस कुठे गेलाय ते बघा. स्टिरिओवर वाचवलेले पाचशे रुपये इंजिनाच्या पायात वसूल होतात.

मग जाडी. बॅटरी मागे इंजिनाजवळ, डेक पुढे सुकाणूपाशी, मधे सहा मीटर. वीज जाते आणि परतही येते, म्हणून हिशोब बारा मीटरचा. घरातल्या दिव्यांना वापरतात ती दीड एमएमची वायर टाकलीत आणि अ‍ॅम्पने १० अँपिअर ओढले, तर जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच गरम होण्यात जातो. साडेबाराचे अकरा झाले. वॉट दाबाच्या वर्गाने कमी होतात, म्हणजे जवळजवळ पाव ताकद वायरीतच संपली. चार एमएमची वायर टाकली तर हाच तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. सल्लागार ज्या वॉटसाठी अ‍ॅम्प घ्यायला लावतात, त्यांतले बरेचसे त्यांच्याच बारीक वायरीत मरतात.

आणि जाडीहूनही मोठा प्रश्न धातूचा. खारं वारं उघड्या तांब्याला सोडत नाही. वायर कापली, सोलली, दुसरीला पीळ मारून जोडली, वर काळी टेप गुंडाळली: असा जॉइंट पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघाच. टेपचा गोंद चिकट काळा होऊन बोटांना लागतो, आत हिरवट पूड निघते आणि तिच्यातून डोकावणारे तारेचे बारीक तंतू नखाने दाबले तर तुटतात. बाहेरून मात्र सगळं ठीकठाक. इन्सुलेशनच्या आतही हे हिरवेपण वीतभर चढत गेलेलं असतं, त्यामुळे टोक कापून नवा जॉइंट मारण्याने काही होत नाही, पुढचं तांबंही काळवंडलेलंच निघतं.

याला उपाय आजीच्या स्वयंपाकघरात होता. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकायचं, म्हणून कल्हई करायची. होडीसाठी चांगली म्हणतात ती वायर तीच: तांब्याच्या प्रत्येक तंतूवर कथिलाचा मुलामा. बाजारात ती ‘टिन्ड कॉपर’ म्हणून मागायची. साध्या वायरीपेक्षा महाग आहे हे खरं, पण घरच्या होडीला लागते किती? वीस-पंचवीस मीटर. उलट स्वस्त अ‍ॅम्पबरोबर जो ‘वायरिंग किट’ फुकट मिळतो, त्यातली वायर बऱ्याचदा तांब्याचीही नसते. आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ती जाड दिसते, पण तितक्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत विजेला दीडपटीहून जास्त अडवते, आणि मुलामा उघडा पडलेल्या जागी खाऱ्या ओलीत अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन जातं. ओळखायचं सोपं आहे. एक तंतू ब्लेडने खरवडा. बाहेर चंदेरी आणि आत लालसर निघालं तर कल्हईची, चांगली वायर. बाहेर लाल आणि आत चंदेरी निघालं तर परत द्या.

जोड पिळून नव्हे, दाबून करायचे. वर आतून गोंद असलेली नळी गरम करून आवळायची. आणि एक बारीक पण हमखास होणारी चूक: जॉइंटवर सिलिकॉन फासणं. व्हिनेगरसारखा वास येणारं जे सिलिकॉन बाथरूमला वापरतात, त्यातून सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच सुटतं. म्हणजे तांब्याला वाचवायला म्हणून आपणच त्याला आंबटात बुडवतो.

राहिला फ्यूज. डेकच्या मागे एक छोटा फ्यूज असतोच, मग दुसरा कशाला, हा युक्तिवाद मी पुन्हा पुन्हा ऐकला आहे. तो फ्यूज डेकचा. बॅटरीपासून डेकपर्यंतच्या सहा मीटर वायरीला वाली कोण? ती वायर कुठे बाकाखाली घासली, सोलली, शॉर्ट झाली, तर डेकमागच्या फ्यूजला पत्ताही लागत नाही. बॅटरी शेकडो अँपिअर ओतायला तयारच असते आणि वायर लाल होते. अमेरिकेत होड्यांच्या वायरिंगचे दंडक घालून देणारी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल म्हणते की बॅटरीवरून निघणाऱ्या वायरीचा फ्यूज साधारणपणे बॅटरीपासून ७ इंचांच्या आत हवा. आपला आउटबोर्ड पेट्रोलवर, पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती होडीच्या तळाशी साचून राहते, आणि वायरीही आपण तळातूनच नेतो. शंभर-दोनशे रुपयांच्या फ्यूजहोल्डरवरून घासाघीस करायची ही जागा नव्हे.

बॅटरीचा विषय निघाला की मंडळी म्हणतात, इंजिन चालू असतं, चार्ज होतच राहते. पण गाणी खरी लागतात ती इंजिन बंद करून, नांगर टाकून, माणसं पाण्यात उतरल्यावर. मोठा अ‍ॅम्प सरासरी १० अँपिअर जरी ओढत राहिला, तरी तीन तासांत ३० अँपिअर-तास गेले. होडीवर एकच ७०-८० अँपिअर-तासाची बॅटरी असेल आणि इंजिन तिच्यावरच सुरू होत असेल, तर आपण जुगार खेळतोय. नवी बॅटरी कदाचित निभावून नेईल. तीन हंगाम जुनी, खाऱ्या हवेने टर्मिनल खाल्लेली बॅटरी नेमकी ओहोटीला, खाडीचं पाणी बाहेर ओढत असताना, नुसती टक टक करील. घरची लहान मुलं होडीत आहेत, वल्ही किनाऱ्यावर राहिली आहेत. हे चित्र ज्यांना अतिरंजित वाटतं त्यांनी देवबागच्या टोकाशी, नदी समुद्राला मिळते तिथली ओहोटीची ओढ एकदा बघून यावं. म्हणून स्टिरिओला स्वतःची छोटी बॅटरी द्या. यूपीएसला लागते तसली सीलबंद बॅटरीही चालेल, घरी चार्ज करून आणायची. इंजिनाच्या बॅटरीशी तिचा संबंधच ठेवायचा नाही.

आता त्यांचं जे खरं आहे ते. ‘मरीन’ शब्दाची किंमत लावली जाते, हा आरोप निराधार नाही. बंद पेटीत, छपराखाली बसणाऱ्या डेकसाठी ती किंमत मोजायचं कारण मला दिसत नाही. गाडीचा साधा, सीडीचं तोंड नसलेला, ब्लूटूथवाला डेक घ्या, रबरी कडा असलेल्या झाकणाच्या पेटीत ठेवा, पावसाळ्यात काढून घरी न्या. पण स्पीकर उघड्यावर असतात, त्यांच्या बाबतीत हा शब्द पोकळ नाही. गाडीच्या स्वस्त स्पीकरचा कोन कागदाचा, कडा फोमची, जाळी पत्र्याची. पाणी, मीठ आणि कोकणातलं मे महिन्याचं ऊन, तिघे मिळून त्याचा निकाल लावतात. उघड्यावरच्या स्पीकरला प्लास्टिकचा कोन, रबराची कडा, उन्हाने न तडकणारी जाळी आणि ३१६ जातीच्या स्टेनलेसचे स्क्रू हवेत. नुसत्या आयपी नंबरावर भुलू नका. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही गोड्या पाण्यात. मीठ त्या परीक्षेत नसतंच. आणि होकायंत्र असेल तर स्पीकर त्याच्यापासून किमान मीटरभर लांब ठेवा. चुंबक जवळ आणला की सुई कशी फिरते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच भोक पाडा.

दुसऱ्या टोकाचे एक सल्लागार आहेत, त्यांना होडीवर गाणंच नको असतं. डॉल्फिन घाबरतात म्हणतात. डॉल्फिनची काळजी रास्त आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो. पण हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो, त्याच्या ताकदीचा हजारातला एक भाग खाली उतरतो. खाली खरा गोंगाट आहे तो आपल्या पंख्याचा आणि कळपाच्या मागे लागलेल्या दहा होड्यांचा. तो कमी करायला कुणी तयार असेल तर गाण्याबद्दलही बोलू. तळावर बसवलेली बेस ट्यूब मात्र फायबरमधून थरथर थेट पाण्यात उतरवते, तिला तेवढंच आणखी एक कारण नको म्हणायला. आणि शेजारच्या होडीतल्या माणसालाही कान आहेत, हे सांगायला कायदा कशाला हवा?

ज्यांना फक्त महिन्यातून एखाद्या वेळी घरच्यांना घेऊन फिरायचं आहे, त्यांनी यातलं काहीच करू नये. आयपी६७ चा एक बरा ब्लूटूथ स्पीकर घ्यावा. त्याची बॅटरी त्याच्या पोटात, वायर नाही, फ्यूज नाही, परतताना पिशवीत टाकून घरी. सल्लागारांच्या अ‍ॅम्पपेक्षा तो शंभर पटींनी शहाणा सौदा आहे.

पण रोज दहा माणसं बसतात, इंजिनाचा आवाज आहे, तर बसवलेली सिस्टिम लागणार. मग बारा हजारांचं वाटप माझ्या मते असं: चार-साडेचार स्पीकरला, कमी वॉटचे पण सेन्सिटिव्हिटी जास्त असलेले. तितकेच बॅटरी आणि चार्जर मिळून. उरलेल्यातले निम्मे वायर, फ्यूज, टर्मिनल, नळ्या यांना. डेकला सगळ्यांत शेवटी जे उरेल ते, आणि जुना डेक चालू असेल तर तेवढेही नाही. अ‍ॅम्पला शून्य, बेस ट्यूबला शून्य. दुकानदाराचा हिशोब याच्या बरोब्बर उलटा असेल, कारण त्याचा नफाही उलट्या क्रमाने आहे.

पैसे त्याहून कमी असतील तर यंदा स्टिरिओ घेऊच नका. आहेत तेच स्पीकर बसणाऱ्यांच्या जवळ आणा, टेप मारलेले सगळे जॉइंट कापून टाका, मायनस थेट बॅटरीला न्या आणि बॅटरीशेजारी फ्यूज बसवा. होडी पाण्यात उतरवण्याआधी एवढं उरकून घ्या. नवीन डेक पुढच्या हंगामातही मिळतो.